उसनी सूक्ष्मदर्शकं

तो पंचनामा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदच्या दशकात मी जाफराबादला फौजदार होतो. तिथल्या एका छोट्या कॉलेजच्या प्राचार्यांनी फिर्याद दिली, की प्रयोगशाळेचं कुलूप तोडून सूक्ष्मदर्शक यंत्रं चोरीला गेली. सरकारची समिती फेरतपासणीला येणार होती. तिचं समाधान झालं तरच विज्ञान शाखेला अनुदान मिळणार होतं.

कुलूप तुटलेलं होतं, पण फळीवर धूळ सगळीकडे सारखी बसलेली. वस्तू काल उचलली असेल तर तिच्या बुडाची जागा स्वच्छ दिसते. "कुंपणच शेत खातंय," मी हवालदाराला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरचा जीपवाला आपणहून ठाण्यात आला.

"साहेब, चोरी कशाची? ते खोके मागंच अंबडला नेल्ते की मी! जीवशास्त्राचे सर मांडीवर घेऊन बसल्ते, खाली ठेवूच देईनात."

सरांना बोलावलं. बिनपगारी शिकवणारा तरुण माणूस. दटावायची गरजच पडली नाही. चहाचा कप हातात दिला आणि त्याला रडू फुटलं.

"आमची नव्हतीच ती यंत्रं. पहिल्या तपासणीला अंबडच्या कॉलेजातून उसनी आणल्ती. आता तिथंबी तपासणी हाय, ते देईनात. मंग चोरी दाखवली."

"अहो, मास्तर ना तुम्ही?" मी खेकसलो.

"साहेब, यंत्रं न्हाईत तर अनुदान न्हाई, अन् अनुदान न्हाई तर यंत्रं आणू कुठून? वर्ग बंद पडला तर पोरींना जालन्याला कोण पाठवतंय?"

याचं उत्तर कुठल्याच कलमात नव्हतं. फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी पाठवला. तो पाठवणं भागच होतं. अनुदान गेलं आणि विज्ञानाचा वर्ग बंद झाला.

पुढे बंदोबस्ताला अंकुशनगरला गेलो, तर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तेच सर. तोंड फिरवतील असं वाटलं, पण त्यांनी उलट चहा पाजला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुन्हा उघडकीला आला की पोलिसाची छाती फुगते. या तपासानं मला शिकवलं, की उघडकीला आणलेल्या प्रत्येक गुन्ह्याचं समाधान मिळतंच असं नाही.

"राग आहे का हो माझ्यावर?" निघताना मी विचारलं.

"तुमच्यावर कशाला, साहेब? यंत्रं उसनी होती, पण परत नेईपर्यंत म्या ती झाकून ठेवली न्हाईत. पोरींनी कांद्याची साल पाहिली त्यातून. एक पोरगी तर डोळाच हटवेना."

ती मुलगी पुढे काय शिकली, हे विचारायचा मला धीर झाला नाही.