हिंदुस्थानातलं सगळ्यात उबदार गाव

सारी दुनिया हवापालट करायला लोणावळ्याला येते. मुंबईचे शेटजी येतात, पुण्याचे वकील येतात, नवी जोडपी येतात, खोकणारे म्हातारे येतात, आणि स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच छाती फुगवून म्हणतात, "वाहवा! काय हवा आहे!" अशा गावात राहून हवापालटासाठी दुसरीकडं कुठं जावं, या विवंचनेत बुडालेला एकच गृहस्थ मी जन्मात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला.

आमचे साडू लोणावळ्याच्या स्टेशनात पार्सल ऑफिसात कारकून होते. अंगानं बारीक, डोक्यावर काळी टोपी, गळ्याला बारा महिने मफलर. त्यांचा जगातल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास नव्हता. विश्वास होता तो फक्त स्वतःच्या उजव्या हाताच्या पालथ्या बाजूवर. चहाचा पेला, पोळ्यांचा डबा, पोरांची कपाळं, उशीचा अभ्रा, सगळं त्या पालथ्या हाताखालून जायचं आणि मगच पसंत किंवा नापसंत व्हायचं. माझ्या लग्नात, मी मुंडावळ्या बांधून उभा असताना, या गृहस्थांनी पुढं होऊन पालथा हात माझ्या मनगटाला लावला आणि आमच्या सासऱ्यांना भर मांडवात सांगितलं, "गार आहे. माणूस तापट निघणार नाही." खरं म्हणजे मी भीतीनं गारठलो होतो. पण आमच्या मंडळींनी ते वाक्य आजतागायत सोडलेलं नाही. मी घरात जरा आवाज चढवला, की ती शांतपणे म्हणते, "या एका बाबतीत भाऊजींचा हात चुकला."

त्यांची बायको म्हणजे आमच्या मंडळींची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. त्यांना दोन मुलं, पाच वर्षांचा गजा आणि दीड वर्षाची इंदू. गजा हा मुलगा नसून वावटळ होती. इंदूचं मात्र वेगळं होतं. दीड वर्षाची झाली तरी पोर उभी राहत नव्हती. पाय काड्यांसारखे, अंगावर सदा फ्लॅनेलचे थर, आणि थरांच्या आतून बारीक खोकला. रेल्वेच्या ज्या चाळीत ते राहायचे तिच्यावर झाडी इतकी दाट, की भिंतींना पावसाळ्यात आलेली ओल दिवाळीपर्यंत उतरायची नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी पोरीला पाहून सांगितलं, "हिला औषध नको, ऊन हवं. उघड्या अंगाला, रोज. इथल्या वाऱ्यात तुम्ही हिला उघडी ठेवणार कशी? थंडीत कुठंतरी उबेच्या मुलखात घेऊन जा. पुढचा पावसाळा हिनं असाच काढला तर पायांनी जोर धरणं कठीण आहे."

दुसरा कुणी असता तर आठवड्यात निघाला असता. रेल्वेचा पास हाताशी, रजा शिल्लक, उभा हिंदुस्थान समोर पसरलेला. पण साडूंची अडचण तीच होती. दोन आंबे समोर ठेवले तर ते निवडायला ज्या माणसाला तासभर लागतो, त्याच्यापुढं कुणी अख्खा देश ठेवू नये. मी तळेगावला शाळामास्तर. रविवारी त्यांच्याकडं गेलो की मी एकेक गाव सुचवायचो आणि ते एकेक गाव उडवून लावायचे.

"रत्नागिरी?"

"बोट लागते. इंदूला पोचायच्या आतच वांत्या होतील."

"मग पनवेल?"

"डास! मास्तर, तुम्हाला माझी पोरगी हिवतापानं घालवायची आहे का?"

"सोलापूरला काय वाईट आहे?"

"धूळ. खोकला असलेल्या पोरीला धूळ?"

"अहो, मग पंढरपूर, बार्शी, विजापूर..."

"तिथं आपला हात कुठं पोचलाय?" असं म्हणून ते आपला पालथा हात माझ्यापुढं धरायचे. हात लावल्याशिवाय उन्हाची परीक्षा नाही, आणि गेल्याशिवाय हात लागत नाही. या पेचात त्यांनी मार्गशीर्ष घालवला. अक्कानं दिवाळीनंतर लगेच ट्रंक भरून ठेवली होती. त्या ट्रंकेतून गजाचे सदरे लागतील तसे बाहेर निघायचे आणि धुऊन पुन्हा आत जायचे. अक्का बोलायची नाही, पण ट्रंकेचं झाकण लावताना जो आवाज करायची त्यात सगळं यायचं. एकदा मात्र ती आमच्या मंडळींपाशी रडली. म्हणाली, "मला काशी नको, रामेश्वर नको. कुठंही ने म्हणावं, पण पोर उभी राहिलेली दिसू दे."

साडू काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. घाट उतरण्यापूर्वी ब्रेक तपासायला गाड्या लोणावळ्याला बराच वेळ थांबतात. मद्रासकडून, रायचूरकडून, सोलापूरकडून आलेली गाडी लागली, की हे ऑफिस सोडून डब्याडब्याच्या खिडकीशी जायचे आणि अनोळखी उतारूंना विचारायचे, "तुमच्याकडं सध्या घाम येतो का?" कोणी हसायचे, कोणी खिडकी लावून घ्यायचे. एका स्थूल बाईंनी त्यांना प्लेगचे डॉक्टर समजून न विचारताच दोन्ही काखा दाखवल्या. सोलापूरचा एक व्यापारी म्हणाला, "घाम? अहो, आमच्याकडं आंघोळीला पाणी कशाला हवं?" यावर साडूंनी त्याच्या मनगटाला पालथा हात लावला आणि मान हलवली. "गार आहे. फुशारकी मारतो."

माणसं खोटं बोलतात हे एकदा ठरल्यावर त्यांनी माणसांचा नाद सोडला आणि ते पार्सलांकडं वळले. पार्सल खोटं बोलत नाही, हा त्यांचा नवा सिद्धान्त. ज्या गावाहून टोपली येते त्या गावची ऊब ती आपल्याबरोबर थोडीफार आणणारच! सकाळी दहाला ऑफिस उघडलं, की आलेल्या प्रत्येक टोपलीला, पोत्याला, हंड्याला ते पालथा हात लावायचे. नागपूरची संत्री, जळगावची केळी, वसईची पानं, सगळ्यांची परीक्षा झाली. हमालांना वाटलं, बाबू हल्ली मालाच्या पाया पडायला लागले. अशी सगळी थंडी हात लावण्यात चालली, आणि संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी मला निरोप पाठवला, "गाव सापडलं. निरोप द्यायला सहकुटुंब या."

आम्ही दोघं आनंदानं गेलो. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसली होती, गजाच्या डोक्याला तेल होतं, ट्रंकेला दोरी बांधलेली होती. मी विचारलं, "कुठं निघालात?"

साडू छाती काढून म्हणाले, "मळवली."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मळवली म्हणजे लोणावळ्याचं पुढचंच स्टेशन. इथं शिंकलं तर तिथं ऐकू जावं. पण साडू गंभीर होते. "मास्तर, सबंध मुलखाच्या टोपल्या पाहिल्या. नागपूर कोमट, जळगाव बरं, वसई गार. आणि मळवलीची भाजीची टोपली रोज, न चुकता, तव्यासारखी तापलेली! तुम्ही म्हणाल असं कसं. मीही म्हणालो. पण हात सांगतो ते खरं. तिथल्या भाजे गावच्या डोंगरात काहीतरी खास असलं पाहिजे."

सबंध हिंदुस्थान ज्यावर पालथा घालता यावा असा पास खिशात, आणि हे कुटुंब एका स्टेशनाच्या प्रवासाला निघालं! अक्का गाडीत बसली ती ट्रंकेची दोरी घट्ट धरून. आम्हा दोघांनाही राहवेना, आम्हीही त्यांच्याबरोबर निघालो. उतरायची वेळ आली तेव्हा गजा विचारत होता, "बाबा, गाडी कधी सुरू होणार?"

ती टोपली ज्यांच्या मळ्यातून यायची ते आबा भाज्यालाच राहायचे. त्यांच्या पडवीत आम्ही जाऊन टेकलो. समोर डोंगर, डोंगराआडून ऊन अजून खाली उतरायचं होतं, ओढ्यावरून बोचरा वारा येत होता आणि आबा स्वतः कांबळं पांघरून शेकोटीपुढं बसले होते. साडूंनी येण्याचं कारण सांगितलं. आबांनी ते नीट ऐकून घेतलं, आम्हा सगळ्यांकडं एकवार पाहिलं, आणि कुणाला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले, "बाबू, घर तुमचंच हाय, ऱ्हावा की म्हयनाभर. पर ऊब म्हंता, ती हितं कुटनं आनू? आमी सोता दिस वर येस्तवर जाळ सोडीत न्हाई. लय गारठा पडतुया औंदा."

साडूंनी पडवीच्या खांबाला पालथा हात लावला. मग जमिनीला, मग मळ्यात जाऊन भाजीला. भाजीवर दव होतं. त्यांचा चेहरा पाहवेना. तेवढ्यात इंदूला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. आबांच्या कारभारणीनं तिला शेकोटीजवळ घेतलं, छातीला शेक दिला, तेव्हा कुठं पोर शांत झाली. अक्का उठली. "चला," एवढंच म्हणाली. दुपारच्या गाडीनं आमची वरात परत लोणावळ्याला आली. हिंदुस्थानातली सर्वांत छोटी सहल तीच असावी.

खरी गंमत पुढंच. गाडीतून उतरल्यावर अक्का घराकडं वळेना. पार्सल ऑफिसाच्या बाहेरच्या अंगाला, पत्र्याच्या भिंतीशी, तिनं ट्रंक टेकवली आणि इंदूला मांडीवर घेऊन त्या ट्रंकेवरच बसली. "मी आता घरी येत नाही," ती म्हणाली. "घरी गेले की ही ट्रंक उघडायला लागेल. मी इथंच बसते." साडू समोर उभे, मान खाली. आम्ही दोघं इकडंतिकडं बघत होतो.

बसल्या बसल्या अक्कानं कपाळावरचा घाम पुसला. मग इंदूची शाल काढली. थोड्या वेळानं वरचं फ्लॅनेल काढलं, मग आतलं. पोर उघडी झाली, तिचे गाल लाल झाले आणि ती पाय झाडून हसायला लागली. तेवढ्यात एक हमाल डोक्यावर टोपली घेऊन आला. "अक्का, जरा बाजूला व्हता का? टोपल्या हितंच ठिवतो मी. मळवलीचा माल पहिल्या गाडीनं येतो, दवानं निथळत असतो. बाबू येस्तवर हितं वाळतो. वारा न्हाई, आन पत्रा कसा तापतो बगा."

आमच्या साडूंनी सावकाश पुढं होऊन पालथा हात पत्र्याला लावला. मग टोपलीला. मग खाली वाकून इंदूच्या उघड्या पावलाला लावला आणि बराच वेळ तिथंच ठेवला. मी त्यांची थट्टा करायच्या तयारीत होतो, पण त्यांचे डोळे भरून आलेले दिसले आणि मी गजाला उचलून कडेवर घेतलं. ते अक्काला म्हणाले, "अगं, हात चुकला नव्हता. गाव चुकलं."

त्या दिवसापासून सबंध कुटुंब हवापालटाला पार्सल ऑफिसाच्या भिंतीशी येऊ लागलं. अक्का डबा घेऊन यायची, घोंगडी अंथरायची, इंदूला तिळाचं तेल चोळून टोपल्यांच्या मध्ये उन्हात ठेवायची. गजा पोत्यांवर चढायचा आणि पडायचा. स्टेशनमास्तर पहिल्या दिवशी रागावले, दुसऱ्या दिवशी गप्प बसले, आणि पुढं स्वतःची खुर्ची तिथं टाकून घेऊ लागले. एकदा मुंबईच्या गाडीतून एका गृहस्थानं डोकं बाहेर काढून विचारलं, "काय हो, इथली हवा मानवते का?" आमचे साडू टोपल्यांमधून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "उत्तम! आम्ही त्यासाठीच आलोय."

शिमग्याच्या आधी एका दुपारी इंदूनं संत्र्याच्या टोपलीची कड धरली आणि ती उभी राहिली. मी नव्हतो तिथं, पण अक्कानं ते मला इतक्या वेळा सांगितलंय की मी होतो असंच वाटतं. ऑफिसातून साडू धावत आले. पोर टोपली सोडून त्यांच्याकडं निघाली, धडपडली, पुन्हा उठली, आणि त्यांच्या धोतराला येऊन चिकटली. तेवढ्यात मद्रासची गाडी आली होती. तिची पार्सलं त्या दिवशी कुणी उतरवून घेतली, देव जाणे.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. तो पत्रा जाऊन तिथं दगडी भिंत आली. साडू पेन्शन घेऊन लोणावळ्याजवळच कुसगावला छोटं घर बांधून राहिले. तिथं दोन खोल्या आणि अंगणभर ऊन आहे. इंदूचं लग्न झालं, तेही कुठं, तर सोलापूरला! धुळीच्या नावाखाली जे गाव साडूंनी उडवून लावलं होतं, त्याच गावानं त्यांची मुलगी नेली. ती दर पत्रात लिहिते, एकदा या, इथं थंडीत फार सुख आहे. अक्का ट्रंक भरते. साडू अजून महिना निवडताहेत.

गेल्या संक्रांतीला मी त्यांच्याकडं गेलो होतो. इंदूनं बोरं आणि हुरडा टोपलीत घालून पाठवला होता, आणि ती टोपली सकाळच्या गाडीनं यायची होती. साडूंनी मला पहाटेच उठवलं. थंडी मी म्हणत होती. मफलर गुंडाळून आम्ही दोघं म्हातारे स्टेशनात जाऊन उभे राहिलो. गाडी आली. हमाल टोपली उतरवून बाजूला ठेवणार, तोच साडू ओरडले, "ठेवू नका! उन्हात ठेवू नका, आधी मला द्या." त्यांनी टोपली छातीशी धरली, पालथा हात तिला लावला आणि डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाले, "ऊब आहे, मास्तर. पोर सुखात आहे."

मग त्यांनी टोपली माझ्यापुढं केली. मी हात लावून पाहिला. रात्रभर डब्यात गारठलेली ती टोपली बर्फासारखी थंड होती.

"आहे," मी म्हणालो. "चांगली ऊब आहे."