अँड पॉसिबली अ वुमन

"थ्री मेन, अँड पॉसिबली अ वुमन."

मिठागराचा मॅनेजर फोनवर पोलिसांना सांगत होता. मी ऑफिसच्या दाराबाहेर उभी. आत पाय ठेवायचा नाही, लादीला चिखल लागतो. त्याला वाटलं, आगरातल्या पोरीला काय कळतंय इंग्रजी! मी मॅट्रिकला बसलेली. शब्द न् शब्द कळला. तीन पुरुष, आणि असलीच तर एक बाई.

ती असलीच तर म्हणजे माझी आई.

साठीचं दशक सरत आलं होतं. भाईंदरात जिकडे बघावं तिकडे मिठागरं. त्या दुपारी मिठाने भरलेला मचवा खाडीत धक्क्यालाच कलंडला. आई डोक्यावर पाटी घेऊन फळीवरून मचव्यात उतरली, ते शेजारच्या काकीने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मिठागरात काम जोडीने. हजेरीला नाव नवऱ्याचं, बायको त्यातच धरलेली. नाव न लागलेली बाई बुडाली काय, न बुडाली काय!

"घर गयी होगी," मॅनेजर फोन ठेवून म्हणाला.

माझ्या शेजारी बाबा हात जोडून उभे. "हां सायेब. गेली आसंल."

मी घरूनच धावत आले होते. चूलसुद्धा पेटली नव्हती. बाबांना ठाऊक होतं ते. बापाची एवढी चीड मला कधी आली नव्हती, आणि एवढी कीवही.

अंधारायच्या आत तिन्ही पुरुष सापडले. दोघे जिवंत, एक गेलेला. शोधणारी होडी काठाला लागली.

"चलो, सब मिल गये," मॅनेजर म्हणाला.

सब! माझं डोकंच फिरलं. कमरेएवढ्या चिखलात उतरले आणि होडीची दोरी धरली.

"माझी आई आत हाय. होडी परत न्या."

"बाजूला हो पोरी, भरती चढतेय," होडीवाला ओरडला.

"चढू दे. न्हाय सोडत." मग मॅनेजरकडे वळून किंचाळले, "शी इज देअर!"

रेड्याच्या तोंडून वेद ऐकल्यासारखा तो बघत राहिला. मी शिव्या देत होते, रडत होते. तळहात सोलून निघाले. शेवटी होडीवाल्यालाच लाज वाटली असावी. त्याने होडी वळवली.

आई खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत मिळाली. मुळं दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. धक्क्यावर आणल्यावर काकीने तिच्या छातीवर हात ठेवला आणि हंबरडा फोडला, "आजून ऊन हाय गो अंग!"

म्हणजे आत्ता आत्तापर्यंत ती वाट बघत होती. आम्ही पुरुष मोजत होतो तेव्हा.

राख सावडून मी थेट आगरात गेले. बाबा आडवे आले. "गप ऱ्हा गो बाय, आपल्याला हितंच जगायचं हाय."

"तुम्ही जगा," मी म्हटलं.

बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. मी सांगितलं, हजेरीला आपलं नाव लागेस्तोवर पाटीला हात लावायचा न्हाय.

"आनि खायाचं काय?" काकीने विचारलं.

"उपाशी मरू. पण मेलो तर आपापल्या नावानं मरू."