अण्णांच्या पाच पेट्या

आमच्या शरीररचना विभागातल्या अण्णांना सगळ्या बिदर-कलबुर्गी पट्ट्यात जितकी जिवंत माणसं ओळखतात, त्याहून जास्त मेलेली ओळखतात, असं मी शपथेवर सांगेन. हुद्द्यानं शिपाई. पण सकाळी कुलूप उघडून आत आले की पहिलं "शरणार्थी", म्हणजे त्यांचा लिंगायती नमस्कार, कपाटातल्या हाडांच्या पेट्यांना. आम्ही डॉक्टर मंडळी त्यानंतर. विद्यार्थ्यांना कन्नडमध्ये झापायचे, विभागप्रमुखांशी हैदराबादी हिंदीत अदबीनं बोलायचे, पेट्यांशी मात्र मराठीत. "मराठीतच कामून हो?" मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अक्का, मध्येच न तोडता माझं ऐकून घेणारं दुसरं कोण हाय?" पाच पेट्यांत पाच माणसांची हाडं. विभागानं त्यांना क्रमांक दिले होते, अण्णांनी नावं: मालक, मास्तर, हमाल, थोरली आई, धाकली आई. पेटीला कुणी नुसतं टेकलं तरी संपलंच. "मास्तरच्या डोस्क्यावर बसायलास व्हय रं? ऊठ!"

असा माणूस घरी बसायची वेळ आली. विद्यापीठाच्या कचेरीतून पत्र आलं: दहावी पास नसलेले कंत्राटी शिपाई विभागाची यंदाची तपासणी झाली की कमी करावेत. अण्णा बसवकल्याणला दहावी नापास झालेले, तेही विज्ञानात! पत्र वाचून दाखवलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मग पेट्या कोण पुसंल?" मला भरून आलं, आणि भरून आलं की मी हमखास काहीतरी उपद्व्याप करते. तपासणीच्या आदल्या दिवशी, त्यांचा भार हलका करावा म्हणून, सकाळीच पाचही पेट्यांतली हाडं मी एका टाकीत धुतली आणि गच्चीवर एकाच चादरीवर वाळत घातली. हजारावर हाडं! अण्णा वर आले, चादर बघितली आणि मटकन खाली बसले.

"काय करून बसलाव, अक्का? पाच घरं मोडलाव की!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि कामाला लागले. एक मणका उचलायचा, दुसऱ्यावर टेकवून बघायचा, मान हलवायची, तिसऱ्यावर नेमका बसला की "आलाव का घरी?" म्हणून पेटीत ठेवायचा. "ही मान हमालाची. ओझ्यानं झिजलीया, बगा." मनगटातलं तुरीच्या दाण्याएवढं हाडसुद्धा ते चिमटीत फिरवून ओळखायचे. दिवस मावळायच्या आत पाचही संसार पुन्हा लागले.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेले म्हातारे प्राध्यापक एकेक पेटी बघत राहिले. "इतके नीट संच कुणी लावले?" विभागप्रमुखांनी कौतुकानं मला पुढं ढकललं. मी म्हटलं, "सर, मी फक्त मिसळले. लावले यांनी." आणि सगळं सांगून टाकलं. विभागप्रमुखांचा चेहरा पडला. म्हाताऱ्यांनी अण्णांना पाठमोरं उभं केलं, एका पेटीतून एक हाड काढलं आणि त्यांच्या मागं धरलेल्या हातात ठेवलं. अण्णांनी अंगठा फिरवला.

"डाव्या मनगटाचं हाय, सायब. धाकल्या आईचं. तिला परत द्या."

म्हाताऱ्यांनी ते हाड दोन्ही हातांनी पेटीत ठेवलं आणि अहवालात लिहिलं की हा माणूस या विभागातून हलवू नये. कचेरीनं पत्र मागं घेतलं. वर्गातल्या पोरापोरींनी अण्णांना खांद्यावर घेऊन व्हरांडाभर मिरवलं, आणि दहावी नापास अण्णा वरून ओरडत होते, "हळू रं, खांदा निखळंल!"

पुढं साठी भरेपर्यंत अण्णा तिथंच राहिले. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात देहदानाचा भरलेला फॉर्म ठेवला. "घरच्यांची सही हाय. बायको रुसली होती, आमच्यात पुरत्यात, मग समाधी न्हाई व्हायची म्हणून, मीच समजावलो. फक्त एक करा, अक्का. धुवायला काढलाव तर एकेक पेटी काढा."

मी हसले, आणि मग रडलेही. आता रोज सकाळी कपाट मी उघडते आणि "शरणार्थी" म्हणते. पाच पेट्यांशेजारी सहावी मावेल एवढी जागा आहे. तिथं मी मुद्दाम जुनी रजिस्टरं कोंबून ठेवली आहेत.