शेवटच्या ओळीतले संपादक

तान्ह्या पोळ्याचा दिवस, सोमवार, सकाळी साडेदहा. यवतमाळच्या आमच्या ठाण्यात हजर: तपास अधिकारी म्हणून मी, ठाणे अंमलदार, एक जुने हवालदार आणि नेरहून पहिल्या बसने आलेल्या एक बाई. ही नोंद माझ्या वहीत आहे. बाईंचा चेहरा वहीशिवायही आठवतो.

त्यांचे पती शहरातल्या एका दैनिकाचे संपादक. दोन वर्षांपूर्वी घरात भांडण झाले, आता प्रेसमध्येच राहीन म्हणून ते निघाले आणि परतले नाहीत. बाई भेटायला गेल्या की ‘साहेब बाहेरगावी’ एवढेच उत्तर मिळे. पेपरच्या नव्या मालकाने पतीला कोंडून ठेवले आहे, अशी त्यांची तक्रार होती. ते हरवल्याची नोंद आधी का केली नाही, असे मी विचारले. बाईंनी पिशवीतून ताजा अंक काढला आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवले. मुद्रक, प्रकाशक, संपादक म्हणून पतीचेच नाव.

“हरवला कसा म्हनू साहेब? रोज तर दिसून राह्यला. मी बाकी पेपर वाचतच नाही, एवढी ओळ पाहते.”

प्रेसची झडती घेतली. संपादकांच्या खोलीत टेबल पुसलेले, पाण्याचा पेला झाकलेला, पंखा सुरू. खुर्ची रिकामी. पेपर संस्थापकाकडून कापसाच्या एका जिनिंगवाल्याकडे आणि तिथून आताच्या मालकाकडे, एका कंत्राटदाराकडे आलेला. त्याने सरळ सांगितले की, संपादकांना त्याने कधी पाहिलेच नाही. अग्रलेख रोज येतो, म्हणजे माणूस ठीक असेल, असे तो समजून होता.

तिसऱ्या दिवशी, झडतीची बातमी ऐकून, एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. आजचा पाणीटंचाईवरचा अग्रलेख त्यांनी पूर्वी वाचला होता, शब्दन् शब्द. आम्ही जुन्या अंकांच्या बांधीव फायली काढल्या. लेख सापडला, पंधरा वर्षांपूर्वीचा. एकही वाक्य शिळे वाटत नव्हते. हवालदार म्हणाले, “गावच बदललं नाही साहेब, लेख कायले बदलन?”

फायलींच्या कपाटाची किल्ली फोरमनकडे असे. पहिल्या मालकापासूनचा माणूस, सगळे त्याला चाचा म्हणत. त्याला ठाण्यात बसवले, चहा दिला. असे कामसू लोक दरडावण्याला भीत नाहीत, पण काम कच्चे झाले म्हटले की दुखावतात. मी तेवढेच म्हटले. जुने अग्रलेख आपणच लावतो, हे त्याने कबूल केले.

“मालक तीन झाले,” तो म्हणाला. “नाव कोनीच नाही बदललं. मी कायले बदलू?”

माणूस कुठे आहे, हे विचारल्यावर त्याने आम्हाला परत प्रेसमध्ये नेले आणि दोन वर्षांपूर्वीचा एक अंक उघडला. शेवटचे पान. नेर रस्त्यावर वाहनाच्या धडकेत मृत्यू, अनोळखी पुरुष, चेहरा ओळखण्यापलीकडे, डाव्या हाताचे एक बोट अर्धे तुटलेले. ओळख पटवण्याचे आवाहन. त्याखाली पदनामासह माझे नाव. आणि त्याच पानाच्या तळाशी, संपादक म्हणून, त्या मृताचे.

ते बोट याच प्रेसच्या कटिंग मशीनमध्ये, चाचाच्या डोळ्यांदेखत गेले होते.

“पान मीच लावलं साहेब. बोटाचं वाचलं अन् समजलं. पन खाली त्याचंच नाव छापून राह्यलो होतो. मंग वर तो मेला कसा म्हनू?”

मृताच्या जपून ठेवलेल्या कपड्यांवरून बाईंनी ओळख पटवली. संपादकांच्या भावाच्या नमुन्याशी डीएनएही जुळला. ते पान त्यांच्याही हातात आले होते. त्यांनी फक्त शेवटची ओळ पाहिली होती. दोष त्यांचा नाही. आवाहन छापून आले, मी कात्रण नस्तीत लावले आणि काम झाले असे धरले. छापले म्हणजे कोणीतरी वाचले, हा समज त्या दिवशी दूर झाला.

बाईंनी एकच विचारले, कुठे पुरले? दफनाच्या नोंदीत फक्त ‘स्मशानभूमीच्या कुंपणालगत’ असे होते. खुणेची पाटी राहिली नव्हती.

मी आता निवृत्त आहे. दफनाला हजर असलेला एक शिपाई ढाणकीला राहतो, असे कळले आहे. त्याला घेऊन जाणे, जागा नक्की करणे, नेरला फोन करणे. तिन्ही कामे बाकी आहेत.