कोतवालाला कुणी सांगितलं?

खेळ लिहून खेळायचा होता. चाळीसेक जण, एक कल्पनेतलं नगर, प्रत्येकाचं एक पात्र. पात्र काय बोलतं, काय करतं, ते ऑनलाइन सगळ्यांसमोर लिहायचं. स्वतःचं काही सांगायचं तर दुहेरी कंसात, नाहीतर खासगी मेसेजमध्ये. खासगीत कळलेलं पात्राला माहीत नसतं, हा पहिला नियम. तो मोडणाऱ्याला आम्ही सरळ चोर म्हणायचो.

माझी कुंभारीण. चौकात उभी राहून राजाचे वाभाडे काढायची. कोतवाल दुसऱ्या एका खेळाडूचा. तो वारज्यात राहायचा, आयटीत होता. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर, आणि चळवळीची पत्रकं लिहायची. कधी भेटलो नाही, पण दीड वर्षं रोज एकमेकांसमोर लिहिलं.

एकदा त्याने खासगीत विचारलं, "इथे एवढी भाषणं ठोकतेस, मग खऱ्या सभेत का नाही? तुझी नुसती पत्रकंच दिसतात."

मी खरं ते सांगितलं. कर्वेनगरात झाडतोडीविरुद्ध सभा होती. माइक हातात आला आणि तोंडातून शब्द फुटेना. हातातलं पत्रक थरथरत राहिलं. शेवटी मैत्रिणीने ते काढून घेतलं आणि वाचलं. तेव्हापासून मी फक्त लिहिते. बोलायची ती कुंभारीण.

"कुणाला सांगू नकोस."

"वेडी आहेस का?"

मग एका रविवारी दुपारी नगरात जाहीर सुनावणी होती. कुंभारणीचं सगळ्यात मोठं भाषण मी आठवडाभर घोटून तयार ठेवलं होतं. टाकणार, तेवढ्यात कोतवालाने लिहिलं, "ही बोलणार? हिच्या हातातला कागद थरथरतो. मग मैत्रीण येते आणि वाचून दाखवते."

कुंभारणीला मैत्रीण नव्हती. तिला वाचताही येत नव्हतं.

भाषण तयार होतं. बटण दाबायचं होतं, बस. खोलीत मी एकटी, समोर माणूस नाही, माइक नाही, तरी दाबता येईना.

त्याला खासगीत विचारलं, "हे काय होतं?"

"सीन! कसला रंगलाय बघ. अगं, कोतवाल बोलला, मी नाही."

"कोतवालाला कुणी सांगितलं?"

"लगेच मनाला लावून घेतेस. तुम्हा चळवळवाल्यांना जिथे तिथे अन्यायच दिसतो."

हो, दिसतो. केलेला असतो म्हणून दिसतो.

मी भर चौकात, सगळ्यांसमोर, दुहेरी कंसात लिहिलं: हे कुंभारणीचं नाही, माझं आहे. मी याला खासगीत सांगितलं होतं. हा चोर आहे.

पहिलं उत्तर त्याचंच आलं. "जबरदस्त! कंसातसुद्धा पात्र सोडलं नाही हिने." पुढे टाळ्यांची तीन चित्रं.

त्याच्यामागून बाकीच्यांच्या टाळ्या आल्या. "मानलं तुला!" "अंगावर काटा आला." त्यांना कुठे काय ठाऊक होतं? ते खरं आहे हे चाळीस जणांत एकट्या त्यालाच माहीत होतं.

मी खातं बंद केलं. भाषण तसंच राहिलं, न टाकलेलं.