हंड्याचा काठ

चंपतच्या दुकानात खिळ्याला एक पितळी कडं लटकलेलं असे. फुटक्या हंड्याचा काठ होता तो. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन यायचं, कडं बघायचं आणि विचारायचं, "हे कायले टांगलं बे?" तो म्हणायचा, "कामी नाई आलं. पाहू." ते कामी का आलं नाही, हे मला एकट्याला माहीत होतं.

सत्याहत्तर साल. मी अमरावतीहून मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालो आणि कामरगावला परत आलो. माझे वडील मांगीलाल. बाजारात आमचं कापडाचं आणि गाद्यांचं दुकान. चंपत नववीपर्यंत माझ्या वर्गात होता. नंतर त्याने शाळा सोडली, कारंज्याला एका मेकॅनिकच्या हाताखाली रेडिओ शिकला आणि मोटारस्टँडसमोर स्वतःचं दुकान टाकलं. सहा फूट रुंद, आठ फूट लांब. खाली शेणाने सारवलेली जमीन. त्या जमिनीवर तो अनवाणी मांडी घालून बसे आणि दिवसभर तारांना कथलाचे डाग देई.

त्याचे वडील रंगराव भाजीपाला पिकवत. ओढ्याकाठी त्यांचा मळा होता. वांगी, पालक, मेथी. एकुलता एक मुलगा मळा सोडून तारा चिवडतो, हे त्यांना सहन होत नव्हतं.

मी रोज दुपारी चंपतच्या दुकानात बसायला जाई. मला दुसरं काम नव्हतं. तो मला नावाने हाक मारत नसे. "ये बे बीए," म्हणायचा.

एकदा नागपूरहून सुट्या भागांचं पार्सल आलं. ते एका इंग्रजी मासिकात गुंडाळलेलं होतं. मासिक अर्धं फाटलेलं होतं. त्यात विजेवर वाजणाऱ्या एका वाद्याचा लेख होता, आकृत्यांसह. चंपतने पानं सरळ केली, त्यांवर वजनं ठेवली आणि मला म्हणाला, "वाच. हळू वाच."

मी वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो मान हलवी. मला त्या वाक्यातले शब्द कळत. त्याला वस्तू दिसे. संध्याकाळपर्यंत ती वस्तू त्याच्या हातात तयार असे.

गावभर फिरून त्याने तपकिरीच्या रिकाम्या डब्या मागून आणल्या. एका डबीत सूर निघे. दुसरी त्या सुराची धार काढून टाकी. तिसरीमुळे सूर हळू उठे आणि हळू विझे. डब्या बाहेरून तारांनी जोडायच्या. तार एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली की आवाज बदलायचा. आत्ता सनई, तर पुढच्या क्षणी भुंगा. डब्यांवर नावं मी घातली. माझं अक्षर चांगलं होतं. त्या पेटीत माझं म्हणून तेवढंच.

पेटी म्हणजे शिंप्याच्या मोडीत निघालेल्या मशीनचं लाकडी झाकण. वर मूठ, बाजूला कडी. आत त्याने फळ्यांचे कप्पे केले आणि घोंगडीचे तुकडे चिकटवले, सायकलवर डब्या खडखडू नयेत म्हणून. पहिल्यांदा मुठीने उचलली तेव्हा पेटी डावीकडे कलली. त्याने आतले सेल चार बोटं उजवीकडे सरकवले. मग ती सरळ लटकली. एका बोटावर धरून त्याने ती मला दाखवली.

मी "बरं" म्हणालो. एका बोटावर तोलून धरता येईल असं एक वाक्य मला तोवर लिहिता आलं नव्हतं.

पेटीला अजून कळा नव्हत्या. चंपतच्या आईचा, प्रयागबाईंचा, हंडा फुटला होता. त्याच्या पत्र्यातून त्याने तेरा पट्ट्या कापल्या. त्या दाबायच्या नव्हत्या, नुसतं बोट टेकवायचं. बोट टेकलं की पेटी गाई, उचललं की गप्प होई. लोक बघायला येऊ लागले. मोटारीचे प्रवासी उतरून यायचे. एक दिवस माझे वडीलही आले. बघितलं आणि घरी जेवताना म्हणाले, "नववीतून शाळा सोडलेला पोरगा हाय तो. पन हाताले यश हाय. तू काय करून राह्यला? वाचून राह्यला!"

दुसऱ्या दिवशी मी खिशात एक कविता घेऊन गेलो. चंपतला वाचून दाखवली. तो डाग देत ऐकत होता. मी थांबलो.

"चांगली हाय," तो म्हणाला. "आता पुढचं पान वाच."

पुढच्या पानावर वाद्याची शेवटची आकृती होती. पेटीच्या पुढच्या कडेला एक लांब धातूची पट्टी दाखवली होती. चंपतने हंड्याचा काठ आधीच कापून ठेवला होता. तो तिथे बरोबर बसत होता. त्याने आकृतीवर बोट ठेवलं.

"हे पट्टी कायची?"

आकृतीखाली तीन ओळी होत्या. वाद्य बॅटरीवर न्यायचं असेल तर वाजवणाऱ्याचं मनगट या पट्टीवर टेकलेलं असलं पाहिजे. पट्टी आतल्या अर्थिंगला जोडावी. नाहीतर बोटातून जाणाऱ्या विजेला परतायला वाट राहत नाही आणि पेटी बोलत नाही. मला सगळं कळलं. त्या मासिकात मला पुरतं कळलेल्या ओळी तेवढ्याच होत्या.

"शोभेची," मी म्हणालो.

"शोभा कायले करता इतली," तो म्हणाला आणि काठ खिळ्याला टांगला.

दुकानात काही अडलं नाही. तिथे पेटी लाइनवर, म्हणजे तारेतून येणाऱ्या विजेवर चाले. दुकानामागे अर्थिंगचा पाइप पुरलेला होता, मीठ-कोळसा घालून. चंपत रोज त्यात पाणी ओतायचा. त्याचे पाय ओल्या सारवणावर. वाट आपोआप जुळायची. त्याला पट्टीची गरज दिसली नाही. मी रोज खिळ्याकडे बघायचो आणि रोज म्हणायचो, उद्या सांगू.

फाल्गुनात रंगरावांच्या विहिरीवर वीज आली. मोटारपंपाची पूजा ठरली. रंगराव दुकानात आले, उभ्यानेच बोलले.

"पूजेच्या दिवशी तुई ते पेटी वाजव. साऱ्या गावासमोर. वाजली तर मी दुकानाचं नाव काढनार नाई. नाई वाजली तर शटर पाड आन् पंपावर येऊन बस. पालकाले पानी दे."

"वाजते बाबा," चंपत म्हणाला. "सेलवर वाजवतो. लाइनचा भरोसा नाई."

ते गेल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू येशीन ना बे?"

"येतो ना."

तेव्हाही मी सांगितलं नाही. घरी जाऊन स्वतःला म्हणालो, कदाचित वाजेल. ते खरं नव्हतं. मला ती वाजायला नको होती.

पूजेच्या सकाळी मळ्यात मांडव होता. अर्धं गाव आलं होतं. मुलावर राग असला तरी रंगरावांनी त्याचा मान राखला होता. लाकडी तख्त मांडून वर जाड गादी, तिच्यावर पांढरी चादर. गादी आमच्या दुकानातली होती. मीच ती सायकलवर टाकून नेली होती.

नारळ फुटला. पंप सुरू झाला. पाणी पाटात पडलं, तख्ताखालून वाहू लागलं. चंपत गादीवर बसला. पेटीची तार लाऊडस्पीकरच्या मशीनला जोडली. त्या मशीनची अर्थिंगची तार ओल्या मातीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला बांधली होती. त्याने हात पुसले. बोट टेकवलं.

काही नाही.

दुसऱ्या पट्टीवर टेकवलं. तिसऱ्या. भोंग्यातून नुसती खरखर.

"लाजली वाटते!" कोणीतरी म्हणालं.

"चंपत्या, पालकाले पानी देनं सोपं हाय लेका!"

लोक हसले. रंगराव हसले नाहीत. ते पंपाजवळ उभे होते. त्यांनी डोक्यावरचा पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. प्रयागबाई बायकांत बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली होती.

मी तख्तापासून पाच हातांवर होतो. एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य मला पाठ होतं. चंपत एकेक डबी काढून बघत होता. माझ्या अक्षरातली नावं एकेक करून गादीवर मांडली जात होती. मला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग बरं वाटायचं थांबलं, तरी तोंड उघडलं नाही.

त्याने डब्या परत बसवल्या आणि लाऊडस्पीकरची तार बघायला खाली उतरला. पाय पाटाच्या चिखलात गेला. तोल सावरायला त्याने पेटीच्या पट्ट्यांवर हात ठेवला.

पेटी ओरडली. मांडवाबाहेर बांधलेले बैल उधळता उधळता राहिले.

चंपत जागीच थांबला. पट्टीला पुन्हा बोट लावलं. सूर. पाय उचलून तख्तावर ठेवला, बोट तसंच. सूर गेला. पाय चिखलात. सूर आला.

"गादीवर बसली का मुकी होते!" मघाचाच माणूस ओरडला. "गरिबाची पेटी हाय बाप्पा!"

चंपतही हसला. मग हसता हसता त्याने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. जुन्या रेडिओंना अर्थिंगची तार जोडण्यात त्याची चार वर्षं गेली होती. त्याला सारं समजलं होतं, पट्टीही आणि मीही.

त्याने दातांनी एका तारेचं कव्हर सोललं. एक टोक पेटीच्या आतल्या अर्थिंगच्या स्क्रूला पिळलं, दुसरं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. मग पुन्हा गादीवर चढून मांडी घातली.

निंदण करताना प्रयागबाई एक चाल गुणगुणायच्या. तिला शब्द नव्हते. ती त्याने वाजवली. पहिल्यांदा बोटं अडखळली, मग नाही. बायका प्रयागबाईंकडे बघू लागल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. पंपाचा आवाज मधे येत होता.

"बंद करा बे तो पंप!" रंगराव ओरडले. "ऐकू द्या."

नव्या पंपाचं पाणी थांबलं. गाव ऐकत राहिलं. मी मागच्या मागे निघून आलो.

आठ दिवस त्याच्या दुकानाकडे गेलो नाही. नवव्या दिवशी तो सायकलवर आमच्या दुकानासमोर आला. पेटी कॅरिअरला बांधलेली होती.

"काहून आला नाई बे?"

"काम होतं."

"तुले काम?" तो हसला. त्याने पेटी उतरवून गाद्यांच्या थप्पीवर ठेवली. पुढच्या कडेला हंड्याचा काठ बसवला होता. वाकवून सरळ केलेला, चिंचेने घासलेला. टोकं आत वळवली होती, हाताला लागू नयेत म्हणून. पोहरादेवीच्या यात्रेला बोलावणं आलं होतं. मीही त्या यात्रेला जाई, दरवर्षी. मला कधी कोणी बोलावलं नव्हतं.

त्याने खिशातून रंगाची बाटली आणि बारीक ब्रश काढला.

"साऱ्या डब्यांवरची नावं तुया अक्षरात हायेत. हे पट्टी राह्यली. लिही."

"काय लिहू?"

"तूच सांगतलं व्हतं ना? शोभेची."

वडील गल्ल्यावर बसून बघत होते. मी ब्रश हातात घेतला. चंपत वाट पाहत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी पट्टीच्या खाली, लाकडावर, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात लिहिलं: मनगट इथे टेकवा.

तो वाकला. एकेका अक्षरावर बोट फिरवत वाचलं. रंग ओला होता, म्हणून बोट वर धरून.

"आता बराबर वाचलं तू," तो म्हणाला.

रंग वाळेपर्यंत तो थांबला, वडिलांशी कापसाच्या भावावर बोलला. मग पेटी बांधली आणि निघाला. रस्त्यावरची माणसं वळून वळून पेटीकडे बघत होती. मीही बघत होतो.