ब्रेकबाईंची गाडी तापली

गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली होती आणि उरलेल्यांनी निदान त्यांचा आवाज तरी ऐकला होता. शिकणारा चौकात बावचळला की शेजारच्या सीटवरून "ब्रेक!" अशी आरोळी उठायची आणि रस्त्यावरचे सायकलवालेही थबकायचे. तेव्हापासून नाव पडलं ब्रेकबाई. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांचा मालाचा टेम्पो दारात उभा असायचा. त्यावर त्यांनी हात बसवला तो कायमचा. नवरा छापखान्यात कामाला. त्याला तेव्हाही गाडी येत नव्हती आणि आजही येत नाही. स्टिअरिंग पाहिलं तरी त्याच्या हाताला घाम सुटतो.

त्या उन्हाळ्यात शिकवणीची गाडी तापायला लागली. धाकट्या दिराचं गॅरेज हाकेच्या अंतरावर, मग बाहेर कशाला जायचं? दिरानं आधी इंजिन गार ठेवणारं कूलंट बदललं. नंतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट करून देणारी झडप, तीही नवी बसवली. मग रेडिएटर खोलून धुतला. दर वेळी मोठ्या रस्त्यावर फेरी मारून यायचा आणि तापमानाचा काटा जागेवर आहे म्हणायचा. चार दिवस गेले की काटा पुन्हा लाल रेघेकडे.

बाईंना राग त्याचा नव्हता. रोग एका फटक्यात सापडतोच असं नाही, हे त्यांना कळत होतं. राग याचा होता की दीर सगळं नवऱ्याला सांगायचा. संध्याकाळी फोन यायचा, "दादा, वहिनींना म्हणावं, जरा जपून चालवा. शिकणारी माणसं क्लचवर पाय ठेवून बसतात, इंजिन तापणारच." आणि ज्याला क्लच कुठल्या पायाखाली असतो हे ठाऊक नाही, तो माणूस जेवताना गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "क्लचकडे लक्ष दे, असं म्हणतोय तो."

बाई घास गिळायच्या आणि शब्दही.

एक दिवस दुपारी शाळा सुटायच्या वेळेला त्या गर्दीत अडकल्या. स्टिअरिंगवर एक निवृत्त शिंपीकाका होते. गाडी जागची हलेना आणि काटा चढत चाललेला. बाईंनी हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनची उष्णता थोडी तरी आत ओढली जाईल. शिंपीकाका घामानं निथळले, पण तक्रार केली नाही. गाडी कशीबशी कडेला घेतली तोवर बॉनेटमधून वाफ निघायला लागली होती. काका भाबडेपणानं रेडिएटरचं झाकण उघडायला धावले. बाईंनी त्यांचा हात धरून मागे ओढला. उकळतं पाणी तोंडावर उडालं असतं.

मग त्या फुटपाथच्या कडेला बसल्या, इंजिन निवायची वाट बघत. मोकळ्या रस्त्यावर काटा गप्प आणि गर्दीत उभं राहिलं की चढतो. पळत्या गाडीला वारा लागतो. उभ्या गाडीला वारा कोण घालतं? पंखा. रेडिएटरमागच्या त्या पंख्याची घरघर शेवटची कधी ऐकली, ते त्यांना आठवेना. इंजिन पुरतं निवल्यावर पाणी घालून त्यांनी गाडी चालू केली, एसी लावला आणि वाकून पाहिलं. एसी लावला की पंखा फिरायलाच हवा. पातं जागचं हललं नाही.

वाटेत थांबत थांबत त्या गॅरेजवर पोचल्या. दीर म्हणाला, वहिनी, क्लचचं मी दादाला सांगितलं होतं.

"भाऊजी, क्लच राहू द्या. बॉनेट उघडा आणि पंखा बघा."

त्यानं पाहिलं. बॅटरीवरून थेट वायर जोडली तेव्हा पंखा भर्रकन फिरला. म्हणजे मोटर धडधाकट होती, तिला वीजच पोचत नव्हती. पंख्याचा रिले, म्हणजे त्याला वीज सोडणारा छोटा स्विच, जळला होता. तो बदलायला अर्धा तासही लागला नाही. नंतर गाडी दारात कितीतरी वेळ चालू ठेवली, तरी काटा मध्यावरच राहिला. दिरानं जळका रिले खिशात टाकला. बाई गाडी घेऊन घरी आल्या.

संध्याकाळी फोन वाजला. नवऱ्याचा, पलीकडे दीर.

"तो म्हणतोय, रिले गेला होता," नवरा फोन ठेवत म्हणाला. "झालं ना आता? सोड."

"गाडी माझी, चालवते मी, बिघाड शोधला मी, आणि तो सांगतोय तुम्हाला. बरं, त्याचं जाऊ द्या. 'मला यातलं काही कळत नाही, तिलाच सांग,' एवढं एक वाक्य तुम्हाला इतक्या दिवसांत सुचलं नाही?"

क्लचचा निरोप पोचवताना आपण जाणतेपणाचा किती आव आणत होतो, हे बहुधा नवऱ्याला तेव्हाच दिसलं. त्यानं पुन्हा फोन उचलला आणि बाहेर जाऊन बराच वेळ हळू आवाजात बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर स्वतः आला. जळका रिले बाईंच्या हातात दिला, काळी पडलेली पिन दाखवली. म्हणाला, "वहिनी, मी दर वेळी गाडी पळवूनच बघितली. उभी करून कधी बघितलीच नाही. चुकलं माझं."

बाईंनी पिन नीट न्याहाळली. पुन्हा असं झालं तर आधी काय बघायचं, ते विचारून घेतलं. त्यानं सगळं सांगितलं, या खेपेला त्यांच्याकडे बघून.

राग निम्मा उतरला असेल. चहाचं मात्र त्या सकाळी त्यांनी दिराला विचारलं नाही.